रिओमध्ये पाऊस पडला तेव्हा

(हे पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन आहे. बोलण्यातली अडखळ आणि पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

बऱ्याच जणांचे मेसेज आले, की ब्राझीलला जाऊन आलास, त्यावर कधी बोलणार? खरं सांगायचं तर मी टाळत होतो. 'रिओमध्ये बघण्यासारखी दहा ठिकाणं' असा भाग करायचा असता तर तो अर्ध्या तासात झाला असता. पण मला जे सांगायचंय त्यात माझं स्वतःचं घर येतं, आणि घराबद्दल बोलायला मला जरा वेळ लागतो. आज बोलतो.

तर झालं असं. आमच्या कंपनीची एक टीम साओ पाउलोला आहे. मागच्या डिसेंबरात एका प्रोजेक्टसाठी मला दोन आठवडे तिकडे पाठवलं. काम संपल्यावर पाच दिवस सुट्टी टाकली आणि बसने रिओ दि जानेरोला गेलो. सहा-साडेसहा तासांचा प्रवास. पुणे-कोल्हापूर करणाऱ्या माणसाला त्यात काही विशेष नाही.

आधी एक कामाची गोष्ट सांगून टाकतो, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. व्हिसा तर लागतोच, पण पिवळ्या तापाची लस विसरू नका. गंमत म्हणजे ही लस तिकडे जाण्यापेक्षा इकडे परत येण्यासाठी जास्त लागते. पिवळा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे. डेंग्यूचाच तो डास. त्यामुळे ब्राझीलहून येणाऱ्याकडे आपलं सरकार लसीचं प्रमाणपत्र मागतं, आणि नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. मी वेळेत घेतली, कारण आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं.

आता रिओ. साओ पाउलोच्या ऑफिसातल्या लोकांना म्हटलं, रिओला चाललोय, की प्रत्येक जण दोन वाक्यं बोलायचा. पहिलं, 'वा, फार सुंदर शहर.' दुसरं, 'सांभाळून हां.' मग यादी सुरू. रस्त्यावर फोन काढायचा नाही. घड्याळ घालायचं नाही. समुद्रावर जाताना हॉटेलची चावी आणि थोडे पैसे, बस. टॅक्सी मागवायची तर एखाद्या दुकानात शिरून मागवायची. एकाने तर सांगितलं की दोन फोन ठेव, एक तुझा आणि एक जुना, चोराला द्यायला. मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत.

मी ही यादी अगदी रिलीज चेकलिस्टसारखी पाळली. पहिल्या दिवशी कोपाकबानाच्या त्या लाटांची नक्षी असलेल्या काळ्या-पांढऱ्या फरसबंदीवरून मी चाललो होतो, समोर चार किलोमीटरचा किनारा, आणि माझा हात सारखा खिशावर. दर दहा पावलांनी मागे बघायचं. संध्याकाळी खोलीवर आल्यावर लक्षात आलं, की मी दिवसभर समुद्रापेक्षा माणसांचे हात जास्त बघितले.

आणि एक मजा सांगतो. मला कोणी परदेशी समजतच नव्हतं. रिओमध्ये माझ्या रंगाची, माझ्या केसांची माणसं पावलोपावली. मेट्रो स्टेशनवर एका आजीबाईंनी मला हाताला धरून पत्ता विचारला. पोर्तुगीजमध्ये, घडाघडा. मी म्हटलं, मला भाषा येत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हा मुलगा मदत टाळायला खोटं बोलतोय. युरोपमध्ये गेलो होतो तेव्हा मी तोंड उघडायच्या आधीच परदेशी होतो. रिओत तोंड उघडल्यावर झालो.

भाषा येत नाही म्हणालो, पण अगदीच अनोळखीही नव्हती. बेकरीत पाटी होती पावाची, आणि तिकडेही त्याला पांव-सारखंच काहीतरी म्हणतात. बटाट्याला बटाटाच. साबण, चावी, बालदी, कोबी, हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. जानेवारी 1502 मध्ये पोर्तुगीज जहाजं ग्वानाबारा उपसागरात शिरली, आणि 'जानेवारीची नदी' असं या जागेचं नाव पडलं. पुढे काही वर्षांनी तेच लोक वसईला आणि मुंबईच्या बेटांवर होते. म्हणून वडापावातला बटाटा आणि पाव, दोन्ही शब्द मला रिओच्या बेकरीत भेटले. फळांचीही अशीच देवाणघेवाण. काजू मूळचा ब्राझीलचा, तो आपल्या कोकणात आला. आणि आपला फणस तिकडे गेला. रिओच्या मधोमध तिजुका नावाचं मोठं जंगल आहे, तिथे फणस इतका माजलाय की तो त्रासदायक परकी झाड म्हणून धरला जातो. काजूच्या बोंडाचा थंडगार रस मात्र कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तो प्याच.

दुसऱ्या दिवशी मात्र मी परदेशी आहे हे मला नीट कळलं. आणि ते कळलं नारळपाणी घेताना. विक्रेत्याने नारळ फोडून हातात दिला आणि क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे केला. ब्राझीलमध्ये पिक्स म्हणून पद्धत आहे, तिथल्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू केलेली. आपल्या यूपीआयचीच बहीण समजा. सगळं शहर त्यावर चालतं. पण त्यासाठी तिथलं बँक खातं हवं, आणि खात्यासाठी त्यांचा सीपीएफ नंबर. कार्ड दिलं तर त्याच्या मशीनला रेंज नाही. रोख विचाराल, तर ती मी खोलीवर ठेवून आलेलो, कारण यादीत तसं लिहिलं होतं. नारळ तर फोडलेला. मागे उभ्या असलेल्या एका बाईने काही न बोलता तिचा फोन पुढे केला, टिंग वाजलं, आणि ती निघूनही गेली. भर रस्त्यावर, फोन काढून. मी ओब्रिगादो म्हणेपर्यंत रस्ता ओलांडला होता तिने.

मी स्वतः पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय. आपल्याकडे येणारा एखादा परदेशी पाहुणा टपरीवर चहा पिऊन असाच ओशाळा उभा राहत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

बरं. तिसऱ्या दिवशी कोर्कोवादो. म्हणजे तो हात पसरलेला ख्रिस्ताचा पुतळा. 1931 सालचा, 30 मीटर उंच, 710 मीटरच्या डोंगरावर. वर जायला दातेरी रुळांची गाडी आहे, ती 1884 पासून चालू आहे, म्हणजे पुतळ्यापेक्षा गाडी जुनी. तिकीट आदल्या दिवशी काढलेलं. वर गेलो तर सगळं ढगात. पुतळ्याच्या पायाशी उभा होतो आणि गुडघ्याच्या वरचं काही दिसत नव्हतं. माझ्यासारखे पन्नास-साठ लोक माना वर करून ढगाकडे बघत होते. त्यामुळे जाणार असाल तर तिकीट काढायच्या आधी खालून डोंगर बघा. दिसत असेल तरच जा. डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ढग भरून येतात.

त्याच संध्याकाळी ते ढग कोसळले.

मी बोताफोगो भागात एका साध्या हॉस्टेलमध्ये राहत होतो. मागेच डोंगर, आणि डोंगरावर घरं. एकावर एक, विटांची, पाण्याच्या निळ्या टाक्या. फवेला. रात्री दिवे लागले की फार छान दिसायचं ते, गणपतीच्या सजावटीत डोंगर करतात ना, तसं. त्या रात्री नऊच्या सुमारास पाऊस सुरू झाला, आणि अर्ध्या तासात रस्त्यावर गुडघाभर पाणी. हॉस्टेलमधली पोरं खिडकीत उभी राहून व्हिडिओ काढत होती. आणि मग डोंगराच्या बाजूने आवाज आला. भोंगा. जुन्या मिलच्या भोंग्यासारखा लांबलचक. मग लाऊडस्पीकरवरून कुणीतरी काहीतरी सांगत होतं, परत परत.

काउंटरवरच्या मुलाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, 'काही नाही, तो वरच्या लोकांसाठी आहे. दरडीचा इशारा. तुम्ही इथे सुरक्षित आहात.'

त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याने पाहुण्याला धीर दिला. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता घराबद्दल सांगतो. मी मुंबईचा, असल्फ्याचा. घाटकोपरच्या पुढे, मेट्रोच्या खिडकीतून डोंगरावर रंगीत घरं दिसतात, ती वस्ती. 2018 च्या सुमारास स्वयंसेवकांनी येऊन आमच्या भिंती गुलाबी, निळ्या, पिवळ्या रंगवल्या. छान झालं होतं, नाही असं नाही. मग पेपरात आलं, लोक फोटो काढायला यायला लागले. एकदा आई दारात कपडे वाळत घालत होती आणि एका पाहुण्याने लांबूनच तिचा फोटो काढला. आईने पदर तोंडावर घेतला आणि आत गेली. मी तेव्हा बीटेकला होतो, घरी अभ्यास करत बसलेलो. मला काय बोलावं कळलं नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्याला रंग आवडला होता.

पण त्या रंगवलेल्या भिंतीच्या मागे काय आहे? डोंगर आहे. जुलैमध्ये तो डोंगर पाणी पितो. जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्याच आझाद नगरमध्ये दरड कोसळून साठहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा तीन वर्षांचा, मला आठवत नाही. पण त्यानंतर आमच्याकडे एक सवय लागली ती मला चांगली आठवते. फार पाऊस झाला की पप्पा रात्री झोपायचे नाहीत. खुर्ची दाराशी घेऊन बसायचे, बॅटरी हातात. मी विचारायचो, काय करताय? म्हणायचे, 'ऐकतोय.' काय ऐकायचे? मागच्या भिंतीकडून दगड सुटल्याचा आवाज येतो का, ते.

आमच्याकडे भोंगा नव्हता. पप्पा होते.

म्हणून बोताफोगोच्या त्या गादीवर, सातासमुद्रापार, मी भोंगा ऐकला आणि उठून बसलो.

आता तुम्हाला सांगितलं पाहिजे, की पहिल्याच दिवशी मला फवेला टूरबद्दल विचारलं होतं. जीपमध्ये बसवून फिरवतात. मी ताडकन नाही म्हटलं होतं, कारण आईचा पदर डोळ्यांसमोर आला. पण त्या रात्रीनंतर मला वर जायचं होतं. फोटो काढायला नाही. मला विचारायचं होतं की भोंगा वाजला की तुम्ही नक्की काय करता.

हॉस्टेलच्या सफाईवाल्या ताईंनी नंबर दिला. वरच राहणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई आहेत, त्या चार-पाच जणांना पायी फिरवतात. नाव सांगत नाही, आणि वस्तीचंही सांगत नाही. त्यांचं घर कुणाच्या यादीतलं ठिकाण व्हावं असं मला वाटत नाही. मी मनात त्यांना मावशीच म्हणत होतो. त्यांची अट एकच होती. सकाळी सातला त्यांचा मेसेज येणार. 'या' असा मेसेज आला तर यायचं, नाहीतर कुणीही, काहीही सांगितलं तरी यायचं नाही.

आता इथे काही गुलाबी करून सांगत नाही. तो मेसेज पावसासाठी नसतो, गोळीबारासाठी असतो. पोलिसांची कारवाई, टोळ्यांची भांडणं. रिओमध्ये फोगो क्रुझादो नावाचा प्रकल्प 2016 पासून आहे, गोळीबार कुठे चालू आहे याची नोंद ॲपवर ठेवणारा. आपण ट्रॅफिक बघतो तसं तिथे लोक ते बघून मुलांना शाळेत पाठवायचं की नाही ठरवतात. म्हणजे ऑफिसातल्यांनी मला जी भीती सांगितली ती खोटी नव्हती. पण ती पाहुण्याची भीती होती. फोन जाईल, पाकीट जाईल. वर राहणाऱ्याची भीती वेगळी आहे, आणि ती कुणी मला सांगितलीच नव्हती.

'या' असा मेसेज आला. आम्ही तिघं होतो. दोन जर्मन विद्यार्थी आणि मी.

पायऱ्या, पायऱ्या आणि पायऱ्या. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, एवढ्या गल्ल्या. मला अजिबात नवीन नव्हतं. कुकरची शिट्टी, टीव्ही, दारातली चप्पल. जर्मन मुलं समुद्राकडे बघत होती, आणि वरून खरंच अप्रतिम दिसतो तो, शुगरलोफचा सुळका आणि खाली बोटी. मी उलटीकडे तोंड करून डोंगर बघत होतो. मावशींच्या ते लक्षात आलं. त्यांनी फोनवरच्या भाषांतराने विचारलं, 'तू तिकडे काय बघतोस?'

मी म्हटलं, 'तुमची संरक्षक भिंत बघतोय.'

त्या हसल्या. मग मी त्यांना असल्फ्याचा फोटो दाखवला. रंगीत घरं. त्या म्हणाल्या, 'हे तर सांता मार्ता!' सांता मार्ता ही बोताफोगोतलीच एक फवेला, 2010 मध्ये दोन डच चित्रकारांनी तिथल्या रहिवाशांना घेऊन चौकातली घरं अशीच रंगवली होती. मी म्हटलं नाही, हे माझं घर. त्यानंतर आमचा फेरफटका बदललाच. त्यांनी मला दाखवायला सुरुवात केली की हे गटार कुठे तुंबतं, ही भिंत कधी बांधली, इथलं घर कधी गेलं.

भोंग्याची गोष्ट अशी आहे. एप्रिल 2010 मध्ये रिओ आणि आसपास भयंकर पाऊस झाला, राज्यात दोनशेच्या वर माणसं गेली, बरीचशी अशा उतारांवरची. त्यानंतर 2011 मध्ये शहराच्या नागरी संरक्षण विभागाने डोंगरावरच्या वस्त्यांत भोंगे बसवायला सुरुवात केली. शहरात 33 पर्जन्यमापक केंद्रं आहेत, दर पंधरा मिनिटांनी आकडे येतात. ठरावीक मर्यादा ओलांडली की त्या भागातला भोंगा वाजतो, आणि लोकांनी ठरलेल्या निवाऱ्यात जायचं. शाळा, चर्चचा हॉल, असं काहीतरी.

माझ्यातला इंजिनियर एकदम खूश. सेन्सर, थ्रेशोल्ड, अलर्ट. सरळ आर्किटेक्चर आहे. मी विचारलं, मग परवा रात्री किती लोक खाली आले?

मावशी म्हणाल्या, 'माझ्या गल्लीतून सहा.'

गल्लीत घरं किती? चाळीस.

का? तर त्या म्हणाल्या, भोंगा पाच वेळा वाजतो आणि पाचही वेळा काही होत नाही. सहाव्यांदा कोण उठणार? त्यात म्हातारी माणसं, ओल्या पायऱ्या, अंधार. आणि घर सोडून गेलं तर घरातल्या टीव्हीचं काय? सकाळी कामावर जायचं असतं. 'भोंगा माणसाला वाचवतो, घराला नाही. आमच्याकडे घराशिवाय दुसरं काय आहे?'

आमच्या क्षेत्रात याला अलर्टचा थकवा म्हणतात. रात्री तीनला फोन वाजतो, बघावं तर खोटा इशारा. दहा वेळा झालं की अकराव्यांदा तुम्ही तो म्यूट करता. फरक एवढाच की आमचा सर्व्हर पडला तर सकाळी माफीचा ईमेल जातो.

मग मी तो प्रश्न विचारला जो मला स्वतःला हजार वेळा विचारला गेलाय. म्हणजे इतकी भीती आहे तर इथे राहता कशाला? विचारताना माझीच मला लाज वाटली, पण विचारला. मावशींनी खालच्या इमारतींकडे बोट केलं. त्यांनी तेवीस वर्षं त्यातल्या एका घरात स्वयंपाक केला. सातला कामावर हजर. सपाटीवर परवडणारं घर दोन तास लांब. 'डोंगर धोक्याचा आहे, पण तो कामाच्या जवळ आहे.'

हे आजचं नाही. रिओच्या बंदर भागात वालोंगो नावाचा जुना धक्का आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली सुमारे 9 लाख माणसं तिथे उतरवली गेली. नंतर तो धक्का दगडांखाली, मातीखाली पुरला गेला. 2011 मध्ये बंदराचं नूतनीकरण करताना तो परत सापडला आणि 2017 पासून जागतिक वारसा आहे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली 1888 मध्ये. माणसं मोकळी झाली, पण जमीन मिळाली नाही. तिथून हाकेच्या अंतरावर प्रोव्हिडेन्सिया टेकडी. 1897 मध्ये कनुदोसच्या लढाईहून परतलेले सैनिक तिथे झोपड्या बांधून राहिले, आणि लढाईच्या भागातल्या फवेला नावाच्या काटेरी झुडपावरून टेकडीला नाव पडलं. पुढे तो शब्द अशा सगळ्या वस्त्यांचा झाला. बंदराजवळ काम, कामाजवळ राहायला हवं, आणि सपाट जागा दुसऱ्याची. मग उरतो तो डोंगर. असल्फ्यात माझे आजोबा याच हिशोबाने आले, साताऱ्याहून.

उतरताना मावशींनी विचारलं, 'तुमच्याकडे भोंगा आहे?' मी म्हटलं, पावसाळ्याआधी भिंतीवर नोटीस लागते. घर धोक्यात आहे, खाली करा. 'मग कुठे जाता?' मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की मला माहीत नाही. सव्वीस वर्षं मी त्या घराला घर म्हणतोय. रात्री दोनला डोंगर सुटला तर आई-पप्पा कुठे जातील हे मला माहीत नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी आर्पोआदोरच्या खडकावर गेलो. तिथे सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवतात, खरंच वाजवतात. मीही वाजवल्या. हात खिशावर नव्हता. निष्काळजी झालो होतो असं नाही, चोराला द्यायचा फोन होताच खिशात. पण आता शहरात बघायला दुसरं बरंच काही होतं.

परत आलो. विमानतळावर पिवळं कार्ड दाखवलं. आणि घरी गेल्यावर, नेहमी होतं ते भांडण या वेळी केलं नाही. म्हणजे मी पुण्यात नोकरीला लागल्यापासून पप्पांना सांगतोय, हे घर सोडा, माझ्याकडे या. ते म्हणतात, इथे माझी माणसं आहेत. चार वर्षं आमचं तेच. या वेळी मी एवढंच विचारलं, 'पप्पा, रात्री पळायची वेळ आली तर कुठे जायचं?'

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'हे कधी कुणी विचारलंच नाही.'

मग आम्ही बसलो. शेजारच्या काकू, वरच्या घरातला माझा शाळेतला मित्र, असे सात-आठ जण. खालच्या शाळेची किल्ली कुणाकडे असते ते शोधलं. कुठल्या घरात चालता न येणारं माणूस आहे ते लिहिलं. महापालिकेच्या स्वयंचलित केंद्रांचे पावसाचे आकडे सगळ्यांना बघता येतात, ते वाचून व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकणारी एक छोटी स्क्रिप्ट मी लिहिली. विशेष काही नाही, दीडशे ओळींची.

या जुलैमध्ये एकदा रात्री तीन वाजता तो मेसेज गेला. मी पुण्यात जागा होतो. ग्रुपवर निळ्या खुणा मोजत होतो. चौदा घरांपैकी चार घरं खाली शाळेत गेली. डोंगर काही सुटला नाही. आई गेली होती. पप्पा नाही गेले. सकाळी फोन केला तर म्हणाले, 'मी होतो ना जागा. ऐकत होतो.'

तर चार. मावशींच्या गल्लीत चाळीसमधून सहा, आमच्या इथे चौदामधून चार. मी त्यांना हा आकडा पाठवला. त्यांचं उत्तर आलं, भाषांतर करून वाचलं. 'पहिल्याच वर्षी चार? छान. आता पाचव्या घराच्या दारावर स्वतः जा.'

जाणार आहे. पुढच्या पावसाळ्याआधी सुट्टी टाकून जाणार आहे, आणि पाचवं दार आमचंच आहे.

तुम्ही रिओला जाणार असाल तर जरूर जा. फोन सांभाळा, थोडी रोख जवळ ठेवा, काजूचा रस प्या, ढग असतील तर कोर्कोवादोचं तिकीट काढू नका. वस्तीत जायचं असेल तर तिथल्याच माणसाबरोबर पायी जा, आणि 'येऊ नका' म्हटलं तर जाऊ नका. दारात कपडे वाळत घालणारी बाई दिसली तर कॅमेरा खाली ठेवा. आणि पाऊस आला, भोंगा वाजला, तर तो कुणासाठी वाजतोय ते विचारा.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्यापैकी कुणी डोंगराच्या कुशीत राहत असेल, मुंबईत, ठाण्यात, कोकणात, कुठेही, तर रात्री कुठे जायचं हे तुमच्याकडे कसं ठरलंय ते मला नक्की लिहा. मला खरंच माहिती हवीये. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.